हाकेला आलेला

२ फेब्रुवारी

आजपासून मी ट्रक चालवते. एवढंच वाक्य लिहून मी ते दोनदा वाचलं.

गाडी बारा चाकांची आहे, निळी, माझ्याआधी दोघांच्या हातांतून गेलेली. केबिनमध्ये चढायला तीन पायऱ्या. आत दोन सीट, दोन्ही हवेवरच्या. बसलं की फुस्स करून आपल्या वजनाइतक्या खाली जातात. मागे झोपायची फळी, तिला इथे सगळे स्लीपर म्हणतात, आणि तिच्यापुढे पडदा. पडदा मी घरी नेऊन तीन पाण्यांतून काढला. आईनं त्यात नवी नाडी ओवून दिली. तोंड फुगवून दिली, पण दिली. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, आणि ती घेऊन मी ट्रकवर निघाले हे तिच्या गळी उतरत नाही. शेजारणींना ती सांगते की पोरगी वाहतूक कंपनीत लागली, आणि घाईघाईनं विषय बदलते. बाबा सत्तावीस वर्षं हेच काम करत होते, पाठीनं दगा दिला तेव्हा थांबले.  गाडीभोवती एक फेरी मारून प्रत्येक चाकाला हात लावून आले, बस.

कंपनीनं मला टेबलावरची नोकरीही देऊ केली होती. पदवी म्हणजे टेबलच, असं कुणी ठरवलं? ही वही मी त्यासाठीच लिहिते आहे. माझ्यामागून मुली या कामात येतील, त्यांना वाचायला काहीतरी असावं. म्हणून सगळं नीट लिहायचं आणि खरं लिहायचं.

आता सोबतीबद्दल. लांब पल्ल्यावर एकट्यानं जाणाऱ्याला इथे एक कुत्रा नेता येतो. एकच. त्याची रीतसर नोंद होते: रंग तपकिरी, वय तीन वर्षं, लस टोचलेली, वजन वीस किलो. माझ्या कुत्र्याला मी भिडू म्हणते. नोंदणीच्या मॅडमनी फोटो काढताना त्याला सरळ बस म्हणून सांगितलं, तर तो खरंच सरळ बसला. मॅडम म्हणाल्या की एवढं तर आमचे ड्रायव्हरसुद्धा ऐकत नाहीत.

वजन लिहून घ्यायला कारण आहे. आम्ही तांब्याची तार नेतो आणि तांब्यावर सगळ्यांचा डोळा असतो. म्हणून वाटेत ठिकठिकाणी वजनकाटे आहेत. काट्याच्या अलीकडे पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरायची, पाण्याचे कॅन भरायचे आणि मग गाडी काट्यावर उभी करायची, माझ्यासकट, भिडूसकट. आकडा दर वेळी तोच यायला हवा. दहा किलोंचा फरक चालवून घेतात, वीसचा नाही. पहिले तीन महिने मी उमेदवार: फक्त दिवसा चालवायचं आणि एक ठपका आला तरी थेट घरी.

ठपका येणार नाही. मी ठरवलंय.

३ फेब्रुवारी

निघालो.

ज्यांनी मला दोन आठवडे हाताखाली घेऊन शिकवलं ते मिशीकाका फाटकापर्यंत सोडायला आले. कंपनीतले सगळ्यांत जुने ड्रायव्हर. त्यांच्याकडे एक म्हातारी कुत्री आहे. तिला ते प्रत्येक थांब्यावर दोन्ही हातांनी उचलून गाडीत ठेवतात, तान्ह्या मुलीला पाळण्यात ठेवावं तसं. मला वाटायचं तिचे गुडघे गेले असतील. आज कळलं की ती तरणीताठी असतानाही ते उचलूनच ठेवायचे. मलाही त्यांनी बजावलं की कुत्रा उचलून चढवायचा, हाक मारून नाही. दार उघडं टाकून थांब्यावर हाका मारत उभं राहायचं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाले की लाव डोकं, शिकलेली आहेस ना.

लावलं डोकं. मला वाटतं ही घाईतली सवय असणार. हाका मारत बसायला वेळ नाही, उचल आणि टाक आत. नंतर कुणीतरी तिचा नियम केला. पण जनावराला उचलून आत कोंबणं म्हणजे त्याला न विचारताच सगळं ठरवणं. भिडूला मी वेगळं शिकवलंय. डावं दार उघडायचं, बाजूला उभं राहायचं, ‘चल, ये’ म्हणायचं आणि वाट बघायची. तो स्वतःहून चढतो. शिवाय वीस किलो रोज तीन पायऱ्या वर उचलायचे म्हणजे माझी कंबरही बाबांच्या पाठीच्या वाटेला लागायची. हे सगळं मी काकांना समजावून सांगितलं. त्यांनी मिशी कुरवाळत पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, बरं बाई.

दिवसभरात तीनशे दहा किलोमीटर. भिडू डाव्या सीटवर बसून समोरचा रस्ता असा बघत होता की जणू गाडी तोच चालवतोय.

५ फेब्रुवारी

काट्यावर वजन अगदी बरोबर आलं. तिथला काटेवाला पोक्त आणि चेष्टेखोर माणूस आहे. त्यानं आधी भिडूला नमस्कार केला, मग मला.

काट्यापासून सात किलोमीटरवर एक थांबा आहे, त्याला सगळे नळाचा थांबा म्हणतात. डांबराचं मोठं मैदान, एका कडेला सिमेंटचा ओटा आणि त्यावर सतत गळणारा नळ. एक दुकान, कधीचं बंद. शटरला गंज चढलाय. ऐन दुपारी तिथे आमच्याशिवाय एकही गाडी नव्हती. मी डबा खाल्ला, चाकं तपासली, ताडपत्रीचे दोर ओढून पाहिले. भिडू हुंगत हुंगत दुकानामागे गेला.

निघायच्या वेळी डावं दार उघडलं, बाजूला उभी राहिले, हाक मारली. आला नाही. पुन्हा मारली. उन्हानं डांबर मऊ झालं होतं, चपलेला चिकटत होतं. तिसऱ्यांदा जरा मोठ्यानं मारली आणि काही झालं तरी आत ओढून आणायचं नाही, असं मनाशी म्हणत नळाकडे बघत उभी राहिले. तेवढ्यात मागे केबिन किंचित हलली आणि सीट फुस्स करून खाली बसली. आला एकदाचा. मी दार लावायला वळले.

सीट रिकामी होती. आणि भिडू नळाच्या ओट्यावरून माझ्याकडे येत होता, पाय ओले, तोंडातून पाणी गळतंय.

सीटची हवा कुठेतरी गळत असेल. पुढच्या डेपोत दाखवीन. पण गंमत अशी की भिडूनं पहिल्या पायरीवर दोन पाय टाकले, आत बघितलं आणि पाय काढून घेतले. दहा मिनिटं हेच चाललं. शेवटी मी माझ्या बाजूनं चढून इंजिन सुरू केलं तेव्हा तो धावत आला आणि चढला. पण सीटवर नाही बसला. सीटपुढे खाली, पाय ठेवतात तिथे, अंग चोरून बसला.

६ फेब्रुवारी

दुसरा काटा. वीस किलो जास्त.

मी उतरून सगळं तपासलं. चाकांत चिखल नाही, ताडपत्रीवर पाणी नाही. रिळं मोजली, सीलं पाहिली. पुन्हा काटा केला. वीस. इथला काटेवाला म्हणाला की लोकांच्या गाडीतला माल कमी होतो, तुमच्या गाडीत पिल्लं घालतोय काय. माल कमी असता तर गाडी अडवली असती. जास्त आहे म्हणून नुसता शेरा मारला. शेरा म्हणजे ठपका नव्हे, असं तोच म्हणाला. पण माझा जीव थाऱ्यावर नाही. दिवसभरात पाच वेळा थांबून गाडीभोवती फिरले. काय शोधत होते, मलाच माहीत नाही.

भिडूचं भांडं मी सकाळी भरलं. तासाभरात रिकामं. पुन्हा भरलं, पुन्हा रिकामं. पण तो तर खाली अंग चोरून बसलाय, भांड्याकडे बघतही नाही.

७ फेब्रुवारी

आज भिडूची तब्येत सुधारली, असं दुपारपर्यंत वाटत होतं. सकाळी बघते तर स्वारी डाव्या सीटवर ऐटीत, समोर बघत. मी बोलले की कान हलवायचा. मलाही हायसं वाटलं, गाणं गुणगुणत चालवलं. एका पंपावर हवा भरायला उतरले, परत येऊन बघते तर पुन्हा खाली, कोपऱ्यात, थरथरत. हात लावला तर अंग आखडून घेतलं.

संध्याकाळी गाडी लावून मी खाली उतरले, तो माझ्या पाठोपाठ उतरला आणि कुंपणाच्या तारेला जाऊन चिकटला. मी पायरीवर बसून शेंगदाणे खात होते. माझ्या मागे, केबिनमध्ये, पडद्याच्या आत, कुत्र्याची धाप ऐकू येत होती. दमलेल्या कुत्र्याची, जीभ बाहेर काढून टाकलेली.

भिडू माझ्यासमोर होता. त्याचं तोंड मिटलेलं होतं.

मी उठून पडदा बाजूला केला. स्लीपरवर कुणी नव्हतं. चादर मधोमध दबलेली आणि गरम. दिवसभराचं ऊन असेल. मी खरं लिहायचं ठरवलंय, म्हणून लिहिते: मला उन्हाची खात्री नाही.

८ फेब्रुवारी

नोंदणीच्या मॅडमचा फोन. केबिनमध्ये वर कॅमेरा आहे, तो दर अर्ध्या तासानं फोटो काढून ऑफिसला पाठवतो. मॅडमनी कालपासूनचे फोटो बघितले होते. त्या रागावल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं. म्हणाल्या की तू तरी असं करशील असं वाटलं नव्हतं. रस्त्यावर दिसला, दया आली, घेतला गाडीत, हे मला कळतं, पण नोंद एकाची आहे. मी म्हटलं, एकच आहे. त्यांनी फोटो पाठवला.

सकाळी सव्वाअकराचा. डाव्या सीटवर भिडू, समोर बघणारा. आणि सीटपुढे खाली, कोपऱ्यात, भिडू.

दोन्ही तपकिरी. दोन्ही तेवढेच. डाव्या कानाची टोकाशी पडलेली घडीसुद्धा तीच.

मॅडमनी निर्वाणीचं सांगितलं. चौदा तारखेला गाडी फाटकातून आत येईल तेव्हा त्या स्वतः बघणार. दोन दिसले तर दोन्ही उतरवून भटक्या कुत्र्यांच्या पिंजऱ्यात देणार आणि माझी उमेदवारी तिथेच संपणार. त्या पिंजऱ्यातून कुत्रे परत येत नाहीत. 

नोकरीचं मी काय ते बघून घेईन. भिडूला पिंजऱ्यात जाऊ देणार नाही.

९ फेब्रुवारी

माल उतरवला. तिथल्या काट्यावरही वीस जास्त, पण तांबं पूर्ण भरलं म्हणून कुणी खोलात गेलं नाही. आता रिकामी रिळं घेऊन परत. रिकाम्या गाडीचंही वजन ठरलेलं असतं.

मिशीकाकांना फोन केला. आधी मी सीटच्या हवेचं बोलले, मग वजनाचं, मग फोटोचं.  मग त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या: कुठे हाक मारलीस, आणि किती वेळा. मी सांगितलं. त्यांनी इतका लांब श्वास सोडला की मला वाटलं फोन कट झाला.

त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते. या रस्त्यावर कितीतरी कुत्रे मागे राहिलेत. कुणी विसरून, कुणी मुद्दाम, खायला घालायचा कंटाळा आला म्हणून. गाडी निघून जाते आणि ते थांब्यावर बसून राहतात. दिवसचे दिवस. मेल्यावरही काही उठत नाहीत. दार उघडून कुणी प्रेमानं हाक मारली की त्यांना वाटतं, आपलीच गाडी आली. एका हाकेला आपला कुत्रा येतो. तीन हाकांना कोण येईल, सांगता येत नाही. म्हणून उचलायचं.

मी विचारलं की ते वाईट असतं का. म्हणाले, वाईट असतं तर सोपं होतं. त्याला फक्त गाडीतली जागा हवी असते. आणि गाडीत जागा एकाच कुत्र्याची असते हे त्यालाही कळतं. आपला हळूहळू वाळत जातो.

मी विचारलं की हे आधी का नाही सांगितलंत. ते म्हणाले, सांगितलं असतं तर हसली असतीस.

हसले असते.

१० फेब्रुवारी

उतरवायची रीत: जिथे चढलं तिथेच, त्याच दारानं, त्याच वेळी. दार आधी उघडून ठेवायचं. आपला कुत्रा दोन्ही हातांत घट्ट धरून बसायचं. तोंडातून शब्द काढायचा नाही. दुसरा उतरतो. उतरला नाही तर उतरवायचा. दार लावायचं आणि पुढच्या काट्यापर्यंत थांबायचं नाही.

आपला ओळखायचा कसा, हे मी विचारलं. काका म्हणाले की आता हे मी सांगायचं का, वाढवलास तू.

भिडूच्या फासळ्या दिसायला लागल्या आहेत. निदान आत्ता खाली बसलेल्याच्या.

माझ्या लाल रुमालाची पट्टी फाडून सीटवरच्याच्या गळ्यात बांधली. त्यानं शहाण्यासारखी बांधून घेतली. दुपारी खालच्याच्या गळ्यात लाल पट्टी. संध्याकाळी सीटवरच्याच्या. गाठ माझीच, दोन्हींची. मी एकच फाडली होती.

दोघं एकदम कधी दिसत नाहीत. एकाकडे बघावं तर दुसरा नसतोच.

११ फेब्रुवारी

झोप नाही. दर तासाला उठून काचेतून बाहेर बघते. मग आत बघते. सीटखाली बघते.

खालचा माझ्यावर गुरगुरला. बिस्किट पुढे केलं तर दात दाखवले. भिडू माझ्यावर कधी गुरगुरला नाही, तीन वर्षांत एकदाही नाही. म्हणजे तो— पण घाबरलेला कुत्राही गुरगुरतो. मीच वाचलंय. मीच लोकांना सांगत फिरायचे.

बाबांना फोन केला. ते म्हणाले, गाडी नीट चालते ना. म्हटलं हो. म्हणाले, मग ठीक. पाठीमागून आई विचारत होती की ती रडतेय का.

१२ फेब्रुवारी

काटा. वीस.  पिल्लांची थट्टा करणाऱ्या काटेवाल्यानं आज केबिनच्या काचेतून आत पाहिलं, दोन बोटं दाखवली आणि भुवया उडवल्या.

त्याला दोन दिसले. मला एक.

उद्या दुपारी नळाचा थांबा.

कुणाला धरू—

१३ फेब्रुवारी, सकाळ

कळलं.

पहाटेपासून स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसले होते. हाक मारली नाही, काही नाही. तो स्वतःहून आला. सीटवरून उतरला, माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि डोळे मिटले. लहानपणी ठेवायचा तसं. कुणी ओढलं नाही, कुणी बोलावलं नाही. मी ज्यावर एवढा विश्वास ठेवला ते हेच की. आपलं असतं ते आपणहून येतं.

मी खूप रडले. त्यानं माझा हात चाटला. जीभ गार होती. बाहेर थंडी आहे.

आता भीती नाही.

१३ फेब्रुवारी, दुपारी दोन

झालं.

काट्याच्या अलीकडे पंपावर टाकी भरली आणि आता गाड्यांच्या रांगेत उभी आहे. पुढे चौदा गाड्या. 

नळाच्या थांब्यावर बरोबर त्याच जागी गाडी लावली. डावं दार उघडलं. डाव्या सीटवर बसून भिडूला मांडीवर घेतलं, दोन्ही हातांनी कवटाळलं. तो हलला नाही. डोळे मिटून घेतले, माझे. बघवलं नसतं.

खालून कण्हण्याचा आवाज आला. उतरेना. नखं चटईवर घासत होती, आत, माझ्याच बाजूला येत होती. माझ्या पायाला नाक लागलं. गरम नाक. मी ओठ दाबून धरले. मग पायानं ढकललं. एकदा. दोनदा. त्यानं माझ्या पायाभोवती— दोन्ही पुढचे पाय माझ्या घोट्याभोवती घातले. मी झटकले. जोरात झटकले. खाली पडल्याचा आवाज आला. तीन पायऱ्यांची उंची. केकाटला.

चाचपडत दार लावलं. मग डोळे उघडले, स्टिअरिंगमागे सरकले आणि थेट निघाले.

दया आली. खरं सांगायचं तर फार आली. त्याला आधीही कुणीतरी असंच ढकललं असेल.

पण माझा भिडू माझ्यापाशी आहे.

तीन वाजता

वजन बरोबर. एका किलोचाही फरक नाही. चेष्टेखोर काटेवाल्यानं अंगठा वर केला. मी केबिनचा फोटो काढून मॅडमना पाठवला: एक कुत्रा, माझ्या मांडीवर. त्यांनी लिहिलं, शाब्बास. उद्या फाटकावर भेटू.

पावतीसाठी आडव्या दांड्यापाशी थांबवलंय. म्हणून चार ओळी. मिशीकाकांना कळवायचं. आईला सांगायचं की

मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून हात बाहेर काढून काहीतरी दाखवतोय. रस्त्याकडे.

आरशात. लांब. रस्त्याच्या कडेनं एक कुत्रा धावत येतोय. लंगडतोय. तीन पायांवर. पडतो आणि उठतो. सात किलोमीटर—

दुसरा गाडीमागे कधी येत नाही. ते वाट बघत बसून राहतात. काकांनीच सांगितलं— बसून राहतात. धावत कोण—

भुंकला. ओळखीचं भुंकणं. घरी मी उशिरा आले की—

मांडीवरच्यानं कान टवकारलेत. मान वर केली नाही. त्याच्या पोटावर माझा डावा हात आहे. इतका वेळ आहे. पोट वरखाली होत नाहीये.

डाव्या दाराचं बटण डाव्या हाताशीच आहे. हात तिकडे नेला. त्यानं मनगट तोंडात धरलं. चावला नाही. नुसतं धरलंय.

काटेवाल्यानं दांडा वर केलाय. पुढे जा म्हणतोय.

भिडू पोचला. दारापाशी आहे. पहिल्या पायरीवर दोन पाय टाकून वर बघतोय, मी बोलवायची वाट— मी हाक मारली नाही तर तो चढणार नाही, आणि मारली तर याला वाटेल की आपल्यालाच— मनगट सुटत नाहीये, गाडी आपोआप पुढे—